अक्काची पाठ

माझी थोरली बहीण न्हाणीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. जळगावला ऑपरेशन झालं, आठवड्याभरानं घरी सोडलं. यावलजवळच्या तिच्या गावी मी पोचलो तेव्हा तिला घरी आणून नऊ दिवस झाले होते. उंबऱ्यातच मला वास आला. अजून चप्पलही काढली नव्हती.

अंथरुणाला पडून पाठीला होणाऱ्या जखमेचा हा वास मला ओळखावा लागत नाही. धुळ्याच्या एका दवाखान्यात तीस वर्षं मी ब्रदर होतो. नर्सबाईला सिस्टर म्हणतात, तसं आम्हा पुरुषांना ब्रदर. निवृत्त झाल्यावर घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायचो आणि अंथरुणाला खिळलेला माणूस कसा सांभाळायचा ते घरच्यांना शिकवायचो. लोक मान द्यायचे. त्या मानाची मला सवय झाली होती, हे आधीच सांगून टाकतो.

अक्का पुढच्या खोलीत कापसाच्या गादीवर उताणी पडली होती. अंगाखाली प्लास्टिकचा कागद, त्यावर जुनं लुगडं. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलास का रे भाऊ? पयले हातपाय धू. चहा घे."

"चहा नंतर. पाठ दाखव आधी."

"पाठीले काय बी नही झालं. जराशी खाजते."

"अक्का, मी तीस वर्षं हेच काम केलंय. किती बायाबापड्यांच्या जखमा धुतल्यात."

"लोकायच्या धुतल्या असतीन. मी तुही बहीन हाये."

तिनं लुगड्याचा काठ मुठीत धरला तो सोडलाच नाही. जखम कुठं असणार ते मला ठाऊक होतं. माकडहाडावर. तिथं सख्ख्या भावानं पाहायचं हे तिच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात बसत नव्हतं. मी जोर केला नाही. आज वाटतं, करायला हवा होता. पण तिची ती मूठ पाहिली असती तर तुम्हीही केला नसता.

मग अक्काच्या सुनेला मागच्या दारी बोलावून विचारलं. भाचा केळीच्या कापणीवर टोळीत जायचा, तो पहाटे गेला की दुपार कलल्यावर यायचा. घरात दिवसभर ही एकटी. भडगावकडची मुलगी, लग्नाला सहा वर्षं झालेली, बोलायला हळू.

"किती मोठं आहे?"

"लाल झालंय, मामा. मधे थोडं सोललंय. मी हळद लावते."

"हळद नको. दवाखान्यानं काय सांगितलं होतं?"

तिनं कपाटातून घरी सोडतानाचा कागद आणून दिला. इंग्रजीत एक ओळ होती, दर दोन तासांनी कूस बदलावी म्हणून. कुणी ती वाचून दाखवली नव्हती. खाली गोळ्यांची नावं. ती मी वरवर पाहिली.

भाचा आल्यावर मी रीतसर शिकवायला बसलो. स्वतःच दुसऱ्या खाटेवर आडवा झालो आणि म्हटलं, मला पेशंट समज. खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात, गुडघ्यांच्या मधे उशी, आणि ओढायचं नाही, उचलून वळवायचं. ऑपरेशनच्या बाजूवर निजवायचं नाही. भाच्यानं मला दोनदा असं वळवलं की मी खाटेवरून खाली यायचाच बाकी होतो. सून तोंडाला पदर लावून हसली. अक्काही हसली. म्हणाली, "त्याचं वजन माह्या दुप्पट हाये, त्याले काय उलटवता!" त्या घरात मी ऐकलेलं शेवटचं हसू ते.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. दर दोन तासांचा एक चौकोन. डावी कूस, उताणी, पुन्हा डावी. वळवलं की बरोबरची खूण करायची. तो अक्काच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवला आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं धुळ्याला परतलो. तिथं माझे ड्रेसिंगचे पेशंट खोळंबले होते.

रोज संध्याकाळी फोन करायचो. सून म्हणायची, "सगळं व्यवस्थित आहे, मामा. तक्त्याप्रमाणे चाललंय." अक्काच्या हाती फोन दिला की ती माझ्याच तब्येतीची चौकशी करायची. मी समाधानानं फोन ठेवायचो. शेजाऱ्याला एकदा सांगितलंही, घरच्यांना नीट शिकवलं तर निम्मा दवाखाना रिकामा होईल.

बारा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. वास या वेळी अंगणात होता. अक्काला ताप होता, ओठ सुकलेले, नजर माझ्यावरून घसरून आढ्याकडे जात होती. मी तक्ता पाहिला. एकही चौकोन रिकामा नव्हता. रात्रीचे, पहाटेचे, सगळे भरलेले. आणि त्या दिवशीचे दुपारी दोनचा, चारचा, सहाचा, रात्री आठचा, तेही भरलेले.

मी घड्याळ पाहिलं, पुन्हा तक्ता पाहिला. सून दारात उभी होती. तिला कळलं की मला कळलं.

"मामा," ती म्हणाली, "मी सकाळीच सगळ्या खुणा करून ठेवते."

"का?"

मी ओरडलो नव्हतो, तरी तिनं दाराची चौकट धरली. मग जे बोलली ते मी कितीदा तरी मनात पुन्हा ऐकलंय.

"पहिले तीन दिवस वळवलं. एकटीनं वळवलं, हे आले की दमून पडायचे. हात लावला की आई किंचाळायच्या. असं किंचाळायच्या की गल्ली गोळा व्हायची. शेजारच्या बाया दारात येऊन विचारायच्या, काय करते गं त्यांना? एक जण यांना रस्त्यात म्हणाली, तुझी बायको म्हातारीला मारते. मामा, मग मी नाही वळवलं. नाही वळवलं की त्या शांत पडून राहायच्या. लोक म्हणायचे, आता बरी ठेवते."

मी खाटेच्या कडेला बसलो. कपाटातला तो कागद पुन्हा मागितला. गोळ्यांच्या यादीत शेवटची गोळी दुखण्यावरची होती, पुढे लिहिलं होतं, गरज लागल्यास. गोळ्यांची पट्टी न फोडलेली, तशीच डब्यात होती.

"ही नाही दिली?"

"आई म्हणायच्या, दुखत नाही. निजलेल्या असल्या की दुखायचं नाहीच ना."

वॉर्डात वळवण्याआधी अर्धा तास ही गोळी किंवा सुई द्यायची असते. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की ते कुणाला सांगायचं असतं हेच मी विसरलो होतो. वॉर्डात गोळीची वेळ वेगळी, वळवण्याची वेळ वेगळी, माणसं वेगळी, आणि दोन्ही आपोआप जुळायचं. इथं जुळवणारा मीच होतो. हात कुठं धरायचा ते मी शिकवलं. पट्टीनं रेघा मारल्या. दुखेल, हे मी बोललोच नाही.

अक्काला मी गोळी बारीक करून पाण्यातून दिली, अर्धा तास थांबलो आणि सुनेला म्हटलं, धर. अक्कानं डोळे उघडले.

"भाऊ, डोये बंद कर."

"केले."

मी केले नव्हते. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, एवढंच. जखम तळहाताएवढी होती, कडा काळ्या, आणि मधे खोलवर पांढरं जे दिसत होतं ते हाड होतं. माझ्या कामात मी याहून वाईट जखमा पाहिल्यात. पण तेव्हा त्या माणसाचं लहानपण मला माहीत नसायचं.

त्याच दुपारी गाडी करून तिला जळगावला नेलं. डॉक्टर चांगले होते. बाजूला घेऊन म्हणाले, "ब्रदर, तुम्हाला मी काय सांगू? हे रक्तात गेलंय. या वयात, या अंगात मोठं ऑपरेशन सोसणार नाही. काही दिवस सलाईन, इंजेक्शनं देऊ. पुढं घरीच सांभाळा."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेलो असताना एका म्हाताऱ्याला घरी सोडत होते. दमलेली तरुण सिस्टर मुलाच्या हातात कागद देऊन एका दमात बोलत गेली, हे सकाळी, हे संध्याकाळी, कूस बदलत राहा, दहा दिवसांनी या. मुलगा मान हलवत होता. तिच्यामागं आणखी चार जण कागद घेऊन उभे होते. तिला दोष कुठल्या तोंडानं देऊ? तीस वर्षं मी असंच बोलत आलो होतो. घरी दिवसा कोण असतं, एवढं एक वाक्य मी कधी विचारलं नव्हतं. किती घरांत माझ्या त्या एका दमाच्या बोलण्यानंतर काय झालं असेल, ते त्या बाकावर बसून पहिल्यांदा डोळ्यांपुढं यायला लागलं आणि थांबेना.

अक्काला घरी आणलं आणि मी तिथंच राहिलो. हवेची गादी आणली. गोळी आधी, मग वळवणं, मग ड्रेसिंग. आता ती किंचाळत नव्हती. सून आणि मी मिळून तिला वळवायचो. तीन दिवसांत सुनेचे हात असे बसले की वॉर्डात ठेवून घ्यावेत. वासही कमी झाला. गल्लीतल्या बाया येऊन म्हणाल्या, मामा आले म्हणून म्हातारीला सुख लागलं. सून चहाचे कप उचलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

घरी आणल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सकाळी अक्का गेली. शेवटचे दोन दिवस ती मला ओळखत नव्हती, त्यामुळं डोळे बंद कर म्हणाली नाही.

दहाव्याला सगळे जमले तेव्हा मी उठून उभा राहिलो. बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "सुनेची काही चूक नाही. चूक माझी आहे. दुखण्याची गोळी आधी द्यायची, हे सांगायचं मी विसरलो. म्हणून अक्का ओरडायची, म्हणून हिनं वळवणं सोडलं."

एक आबा मान डोलावत म्हणाले, "पाहा, किती मोठ्या मनाचा मानूस. सुनेचं पाप आपल्या अंगावर घेतो." बायांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हटलं, म्हणजे वळवत नव्हती हे खरंच की. तोवर ते फक्त दोन-तीन घरांना माहीत होतं. आता मी ते सगळ्या गावाला सांगितलं होतं.

भांडी आवरताना सून एवढंच म्हणाली, "मामा, तुम्ही बोलायला नको होतं."

दोन महिन्यांनी भाच्यानं फोनवर सांगितलं की ती माहेरी गेलीय आणि यायचं नाव काढत नाही. मी भडगावला गेलो. तिच्या वडिलांनी खाट टाकली, ती चहा घेऊन आली आणि जोत्यावर बसली. माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवून आणलं होतं. ते अर्धंच झालं असेल, तिनं थांबवलं.

"एक विचारू, मामा? तिसऱ्या दिवशी वळवताना आईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. ओरडत होत्या आणि धरून होत्या. मी हात सोडवून घेतला आणि पुन्हा नाही वळवलं." ती आपल्या मनगटाकडं पाहत होती. "त्या मला ढकलत होत्या, की सोडू नको म्हणत होत्या? तुम्ही इतके पेशंट पाहिलेत. तुम्हाला कळत असेल."

मला कळत नव्हतं. दोन्ही मी पाहिलंय, आणि धरलेल्या हातावरून ते ओळखू येत नाही. तसं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, रिकामा कप माझ्या हातातून घेतला आणि आत गेली. बराच वेळ मी बसून होतो. ती बाहेर आली नाही.