हिरव्या दिव्याचं ओझं

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सहाला पार्सलच्या गोदामातला पट्टा चालू होई, त्याआधी संगणकावरचे दोन्ही प्रोग्रॅम तिला तपासावे लागत. स्कूटरवर मागे धाकटा भाऊ बसलेला. तो पट्ट्याच्या टोकाला माल उचलायचा. अंगाने असा धिप्पाड, की सगळे त्याला क्रेन म्हणत. त्याला सायकलदुरुस्तीचं दुकान टाकून द्यायचं आणि ओझ्याखालून काढायचं, त्यासाठी ती पगार साठवत होती.

पहिला प्रोग्रॅम पार्सलचा नंबर आणि काट्यावरचं वजन लिहायचा. दुसरा ते वाचून दिवा लावायचा. हिरवा लागला की एकट्याने उचलायचं, लाल लागला की दोघांनी. पूर्वी दर पार्सलला फाइलमध्ये लिहा, फाइल उघडा, वाचा, असा खटाटोप चाले. तिने ती फाइल मेमरीत मॅप केली. दोघांच्या मध्ये जणू एकच पाटी. इकडे लिहिलं की तिकडे दिसलं. लिहिणं पुरं होईतो दुसऱ्याने बघू नये म्हणून तिने लॉक घातलं होतं.

पण नंबर लिहिल्यापासून काटा स्थिर होईपर्यंत लॉक लागलेलंच राही. गर्दीच्या दिवसांत दिवा रेंगाळे, पट्टा अडे.

"ताई, तुझा दिवा झोपतो आणि बोलणी मी खातो," भाऊ म्हणाला. "मुकादम म्हणतो, बहिणीला सांग, दिव्याला चहा पाज."

"लॉक काढलं तर अर्धवट लिहिलेलं दिसेल."

"नेहमी?"

"कधीतरी."

"मग काढ की. आमचं रोजचं मरण तरी टळेल."

तिने काढलं. हाताशी रिकामी खोकी होती, त्यांवरच तपासलं. हलक्या मालावर काटा लगेच थांबतो. जड मालावर डोलत राहतो. हे तिच्या ध्यानात आलं नाही. पट्टा पळू लागला, मॅनेजरने शाबासकी दिली.

आठवडा बरा गेला. मग एका खोक्यातून पंप आला. नंबर पंपाचा लिहिला गेला, वजन मात्र आधीच्या कपड्यांच्या पुडक्याचंच राहिलं होतं. हिरवा दिवा लागला.

हलकं समजून उचलताना माणूस कंबर देत नाही, गुडघे वाकवत नाही, नुसते हात घालतो. भावाने तसेच घातले. खोकं वीतभर उठलं आणि तो कंबर धरून तिथेच बसला. पुन्हा उभा राहिला तो कुबड्यांवर.

"दिवा चुकला असेल," मॅनेजर म्हणाला, "पण माणसाला अंदाज नको?"

"बंद खोक्याचा?" तिने विचारलं. तो फोनवर बोलू लागला.

अपघाताच्याच संध्याकाळी तिला उपाय सुचला होता. लॉक काढायचं नव्हतंच. काटा स्थिर झाल्यावर घ्यायचं, नंबर आणि वजन एकदम लिहायचं आणि सोडायचं. चार ओळी इकडून तिकडे. तिने त्या हलवल्या. पट्टा अडला नाही. दिवाही पुन्हा चुकला नाही.

आता ती साडेचारला उठून आधी भावाला उठवून बसवते. "आता क्रेन तू," तो म्हणतो. ती हँडल फिरवत राहते. दुकानासाठी साठवलेल्या पगारातून हा लोखंडी पलंग आला, डोक्याकडची बाजू हँडलने वर होणारा.