कासवाचा दिवा

मुलगी शिकायला परगावी गेली आणि तिचं कासव माझ्या गळ्यात पडलं. घरात आता आम्ही दोघंच. जाताना तिनं बजावलं होतं, “बाबा, त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. दिवा लावला नाहीस तर ते खाणार नाही.”

आज ऑफिसातून दमून आलो आणि बूटही न काढता आधी त्याचा दिवा लावला. ते सावकाश दगडावर चढलं आणि पाय पसरून त्यानं डोळे मिटले. लावणारा कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. माणसाची ऊब म्हणे अंगातच असते. असेल बुवा!

तिचा फोन आला. “ते जेवलं?”

“जेवलं.”

“आणि तू?”

“हो,” म्हणालो. मग अंधारातच खुर्ची ओढून त्या दिव्याजवळ बसलो.