तळातले लाल ठिपके

सगळी लॅब तिला काचबाई म्हणायची. कातडीचे पातळ काप काचपट्टीवर चढवायचे, रंगवायचे, डॉक्टरीणबाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, यात तिची उमर गेली.

त्या सकाळी टेबलावर थोरल्या जावेचा तीळ आला. टाचेवरचा, काळाकुट्ट. अलीकडे पसरायला लागला म्हणून काचबाईनंच मागं लागून काढायला लावला होता. जाऊ म्हणाली होती, "जन्मभर टाचेखाली रगडलाय त्याला. तो काय मला खाणार? तुला घरीपण काचाच दिसतात गं!"

पेशींची ठेवण बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "वाढीची खूण लावून दे."

ही खूण म्हणजे खास रंग, तपकिरी किंवा लाल. जी पेशी दुसरीला जन्म द्यायच्या बेतात, तिचंच केंद्रक तो रंगवतो. साध्या तिळात वरच्या अंगाला एखाददुसरा ठिपका, खाली सामसूम. वाईट तिळात पार तळापर्यंत जाग.

काचबाईनं काप रंगवला अन् स्वतःच डोळा लावला. वरपासून खालपर्यंत तपकिरीच तपकिरी!

"बाई, सगळंच पेटलंय हो!"

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "अगं, तपकिरी रंग लावलास? काळा तीळ काचेखाली मुळातच तपकिरी दिसतो, कळणार काय? काळ्या तिळाला लाल लावायचा, हे सगळ्यांना तूच दरडावतेस ना?"

काचबाईनं कपाळावर हात मारला. कधी न केलेली चूक, तीही घरच्याच माणसावर! पण जीव भांड्यात पडला. हसतहसतच तिनं दुसरा काप घेतला, लाल रंगात घातला.

डॉक्टरीणबाईंनी काच सरकवली. आणखी सरकवली. हात थांबला.

"ये, बघ."

तळाला, जिथं चिटपाखरू नसावं, तिथं लाल ठिपके घोळक्यानं बसले होते. तिळाच्या तपकिरीत लालभडक, वेगळे. आता चुकीलाही जागा नव्हती.

"एकट्या खुणेवर मी बोलत नसते," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "पण ठेवणही वाईटच होती. कॅन्सर आहे. सर्जनला आत्ताच कळवते."

काचबाईनं काचेवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

घरी जाऊ दारातच उभी, टाचेला पट्टी. "काय म्हणतोय माझा तीळ? केला ना तुझा पचका?"

काचबाईनं तिचा हात धरला. जावेचं हसू बघताबघता मावळलं.

"खाली बस," काचबाई म्हणाली.

धाकटीनं आजवर थोरलीला हुकूम सोडला नव्हता. थोरली मुकाट उंबऱ्यावर बसली.