अस्वलाचा मालक

नाल्यातल्या बोरींखाली अस्वलाची पावलं बाबांनी स्वतः पाहिली होती. आई म्हणाली, "पाहुण्याईले सांगून ठेवा." बाबा म्हणाले, "सांगतलं तं येतीन काय ते? मंग हुरडा आपनच खायाचा काय?"

पाहुणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि व्याह्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं नाही तर गावात नाक कापलं जायचं. ते आले, आगटीजवळ बसून पोटभर हुरडा खाल्ला आणि तांब्या घेऊन नाल्याकडे गेले. अस्वलाने त्यांचा डावा डोळा काढला, गाल फाडला. जीव तेवढा वाचला.

त्यांच्या भावाने दाव्याची भाषा केली, तसे बाबा मेहकरच्या वकिलाकडे धावले. वकील म्हणाला, रानातल्या जनावराला मालक नसतो, शेतवाल्यावर काही येत नाही. बाबा मिशीला पीळ देतच परतले. मुलीचा बाप जन्मभर वाकतो. व्याह्यांपुढे ताठ उभं राहायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. पारावर भेटेल त्याला ते कायदा समजावून सांगत. मला त्या कायद्याचा अजून राग येतो.

दावा झालाच नाही. व्याह्यांचा निरोप तेवढा आला: "कायदा आमाले नाई पाह्यजे. इवायानं घरी येऊन चूक झाली म्हनावं. तोवर सून माहेरी धाडनार नाई."

आईने बाबांचे पाय धरले. ते म्हणाले, "चूक म्हटली का दावा आलाच अंगावर. वकिलानं बजावलं हाय."

पुढे बहिणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून आईने डिंक, खारका आणून ठेवल्या, बाज विणून घेतली. रोज म्हणायची, गाडी जुंपा. बाबा आज-उद्या करत राहिले.

एका सकाळी व्याही स्वतःच आले. ओसरीवर चढले नाहीत. अंगणात उभं राहूनच त्यांनी सांगितलं, रात्री पोरगी गेली, लेकरूही गेलं.

बाबांनी पागोटं काढून त्यांच्या पायांवर ठेवलं. "चूक झाली," म्हणाले.

व्याह्यांनी वाकून पागोटं उचललं. "माही बी झाली, इवाई."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग माह्या पोरीची कोनती झाली, तेवढं सांगा दोघं."