तिसरं बोट

"साहेब, तीन गोष्टी सांगा," असं म्हणून ते उजव्या हाताची तीन बोटं माझ्या टेबलासमोर उभी करायचे. "काम काय? अडलं तर कुणाला इचारायचं? आन काम झालं, हे कोण सांगणार?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दोन बोटं मिटायची. तिसरं मात्र नुसतं नाव सांगून मिटत नसे. ज्याचं नाव ठरलं त्याला काम संपल्यावर स्वतःच्या तोंडाने 'झालं' म्हणावं लागे. मधले दोन-तीन महिने ते बोट उभंच आहे असं आपण समजायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याशी साधं काम ठरवतानाही आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं.

ते पेठचे. पूर्वी एका सरकारी खात्यात मोजणीच्या कामावर होते. ती नोकरी सोडली आणि पुढे जो बोलावील त्याच्याकडे जाऊ लागले. मी तेव्हा घोडेगावला एका लहानशा संस्थेचं ऑफिस सांभाळत होतो. डोंगरातल्या वाड्यांना झऱ्याचं पाणी पाइपने आणून द्यायचं, हे आमचं काम. पंप नाही, वीज नाही. झरा वर, टाकी त्याच्या खाली, घरं टाकीच्या खाली. पण डोंगरात कोणती जागा खरोखर खाली आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून दुर्बीण लावून पातळी बघणारा माणूस लागतो. वर्षाकाठी आमची तीन-चार कामं. त्यासाठी कायमचा माणूस ठेवून त्याला उरलेलं वर्षभर काय सांगणार? पेठला त्यांच्या घराशेजारी किराणा दुकानात फोन होता. तिथे निरोप ठेवला की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते हजर. खांद्यावर तिपाई, हातात दुर्बिणीची लाकडी पेटी. वाड्यांवर त्यांना सगळे दुर्बीणवाले म्हणत.

पहिल्याच भेटीत मी म्हणालो, "एक छोटंसं काम आहे." ते बसलेले उठले. "छोटं आसंल तर तुमीच करा की," म्हणाले. मी चहा मागवला तेव्हा परत बसले.

एकदा आमच्या समितीतल्या दोघांनी त्यांना दोन वेगवेगळ्या जागा दाखवल्या. हे दोघं नात्याने मेव्हणे आणि कित्येक वर्षांत एकमेकांशी न बोललेले. दुर्बीणवाल्यांनी पेटी उघडलीच नाही. ऑफिसच्या ओट्यावर बसले आणि दुसरं बोट वर करून म्हणाले, "हे मिटलं की उठतो." चार चहा झाले. पाचव्याला दोघं मेव्हणे एकमेकांकडे न बघता माझ्यामार्फत बोलायला लागले, आणि दुपारपर्यंत थेट. त्या दोघांचं भांडण मिटवल्याचं श्रेय समितीने पुढे मला दिलं, आणि मी ते घेतलंही.

पट्टी धरायला मीच जायचो. आकड्यांची उंच पट्टी घेऊन मी पुढे उभा, ते मागे दुर्बिणीला डोळा लावून. "सरळ धरा राव, पट्टी दारू प्याली का तुमची?" असं लांबून ओरडायचे. मोजणी संपेपर्यंत कोणाच्या घरी जेवत नसत. पोट भरलं की सगळीकडे उतारच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. यजमान बाई रागवायच्या, भाकरी फडक्यात बांधून द्यायच्या. ती ते परतीच्या एसटीत खायचे.

आता मढच्या बाजूच्या वाडीचं सांगतो. ते टाळून त्यांच्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

वाडी वीस-बावीस घरांची. बाया झऱ्यावर जाऊन हंडे भरून आणायच्या, चढ असा की येताना दोनदा हंडा उतरवावा लागे. पाऊस लागायच्या आत पाइप गाडायचे म्हणून मी घाईत होतो. ऑफिसात तीन बोटं वर झाली. काम काय, ते सांगितलं. कुणाला विचारायचं, तर वाडीच्या पाटलांना. दोन बोटं मिटली. "आन झालं, हे कोण सांगणार?"

एरवी आम्ही वाडीतल्याच कोणाचं तरी नाव ठरवायचो. त्या दिवशी मी म्हणालो, "मी सांगेन."

"तुमी पाणी भरणार हाये का तिथं?"

"पाणी आलं की मी स्वतः पेठला येऊन सांगेन. मग तर झालं?"

त्यांनी तिसरं बोट तसंच उभं ठेवलं. "या मंग. वाट बघतो," म्हणाले.

वाडीत त्यांनी दिवसभर मोजणी केली आणि टाकीसाठी एका सपाट जागेवर चुन्याचा चौकोन आखला. पाटील हो म्हणाले. जमलेले सगळे हो म्हणाले. ठकूबाई नावाची एक म्हातारी बाजूला उभी होती, तिनेही मान हलवली. आम्ही परतलो. आठवड्याने मी पाइप घेऊन गेलो तेव्हा कळलं की ती सपाट जागा म्हणजे ठकूबाईचं खळं. भात आणि नाचणी अर्धी वाडी तिथेच मळत होती. "मग तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं. ठकूबाई म्हणाली, "पावणं उन्हातान्हात राबलं. त्यांच्या तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?"

याचा तोडगा सोपा होता. पेठला निरोप ठेवायचा, त्यांना परत बोलवायचं. पण ते दुसऱ्या कामावर गेले होते, चार दिवस थांबावं लागलं असतं. खळ्यापासून दोनशे पावलांवर एक उंचवटा होता. पाटील म्हणाले, "झऱ्यापेक्षा खालीच दिसतंय की." मलाही दिसलं. मी टाकी तिथे बांधली.

पाणी टाकीच्या अलीकडेच थांबलं. जी जागा आम्हाला खाली दिसत होती ती झऱ्याहून हातभर वर होती.

पुढच्याच महिन्यात पैसे देणाऱ्या संस्थेच्या एक बाई पुण्याहून पाहणीला आल्या. कोरड्या टाकीजवळ सगळी वाडी गोळा झाली. बाईंनी विचारलं, "लेव्हल कुणी घेतली होती?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बाहेरचा माणूस होता." मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. बाईंनी वहीत लिहून घेतलं, पाटलांनी मान डोलावली. जो तिथे हजर नव्हता त्याच्यावर दोष ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. उतरताना पायाला लागलेल्या ठेचेचीच आठवण जास्त आहे.

डोंगरात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दोन संस्था दुर्बीणवाल्यांना बोलवायच्या, त्यांनी बोलावणं बंद केलं. मीही निरोप ठेवला नाही.

एकदा ते आपणहून ऑफिसात आले. तिपाई नव्हती, पेटी नव्हती. बसले नाहीत. "माझी चूक झाली म्हणत्यात," म्हणाले. "कुठं झाली तेवढं दाखवा. माझी आसंल तर मी नीट करून देतो."

टाकी मी हलवली, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी समोरचे कागद सरळ करत म्हणालो, "बघू. पाऊस होऊन जाऊ द्या."

"बघा," ते म्हणाले आणि गेले.

पावसानंतर मी वाडीत गेलो, तेव्हा ठकूबाईने मला खळ्याच्या खालच्या अंगाला नेलं. तिथे चार दगड मांडून, चुना मारून एक नवा चौकोन आखलेला होता. खळ्याला धक्का नाही, झऱ्यापेक्षा चांगलं खाली, आणि घरांच्या वर.

"दुर्बीणवालं पावणं येऊन गेलं," ती म्हणाली. "एकलंच. पट्टी मी धरली. लई वरडलं माझ्यावं, सरळ धर म्हणून." ती हसली. "ह्या टायमाला मलाच इचारलं त्यांनी, हितं चाललं का म्हणून. म्या म्हणलं, खळ्यात न्हाई चालायचं, हितं चालंल."

"आणि वरच्या टाकीबद्दल काय म्हणाले?"

"बघितली. हासलं. म्हणलं, साहेबांचं काम हाये, साहेबांना सांगू द्या."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. टाकी कोणी हलवली हे त्यांनी वाडीत सांगितलं असतं, तर त्यांच्यावरचा ठपका त्याच दिवशी पुसला गेला असता. त्यांनी सांगितलं नाही, माझ्यासाठी ठेवलं. मला शरम वाटायला हवी होती. वाटली का, हे आज नक्की सांगता येत नाही. मी ती जागा मोजून वहीत लिहून घेतली, एवढं आठवतं.

थंडीत नवी टाकी उभी राहिली. पाणी सोडलं तेव्हा ते काहीही त्रास न देता सरळ टाकीत पडलं. खालच्या नळावर पहिला हंडा ठकूबाईने भरला. हंडा भरून वाहायला लागला तरी तिने नळ बंद केला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं बाबा."

तिथून मढला यायचं, एसटी पकडायची, दुसऱ्या दिवशी पेठ. एवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत बैठक होती. मग मार्चअखेरीचे अहवाल आले. मग घरात एक लग्न निघालं. खरं सांगायचं तर पेठला जायचं म्हणजे 'झालं' म्हणण्याआधी दुसरं एक वाक्य बोलावं लागणार होतं, आणि ते मला जमत नव्हतं. शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवता आला असता. पण मी स्वतः येईन असं म्हणालो होतो, ही सबब मला त्या महिन्यांत फार उपयोगी पडली.

गेलो तेव्हा उन्हाळा संपत आला होता. घर हमरस्त्यालाच लागून. ओसरीच्या कोपऱ्यात तिपाई उभी होती, तिच्यावर धुतलेलं लुगडं वाळत घातलेलं. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. कपाळ मोकळं होतं. मी कुणाकडे आलोय हे विचारायच्या आतच त्यांनी मला बसायला पोतं टाकलं.

"सतरा दिस झालं," त्या म्हणाल्या. "आजारी न्हाई, काही न्हाई. सकाळचं उठलंच न्हाईत."

मी नाव सांगितलं. मढच्या बाजूच्या वाडीत पाणी आलं, हे सांगितलं. टाकी मीच हलवली होती, त्यांची पातळी बरोबर होती, हेही सांगितलं. वर्षभर न जमलेलं वाक्य तिथे सहज तोंडातून निघालं. पुण्याच्या बाईंना तेच पत्राने कळवलं ते त्यानंतर, घोडेगावला परतल्यावर.

"पाणी येणार हे त्यांना ठावं व्हतं," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "चार दगड मांडून आलोय, तितं पाणी येणारच, म्हणायचे."

"मग?"

"घोडेगावचे साहेब येणार हायेत म्हणायचे, स्वतः. यष्टी थांबली की दारात जायचे, बघायचे, परत येऊन बसायचे. आमाला पण सवं लागली मंग."

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यायलो. रिकामा तांब्या खाली ठेवला.

बाहेर हमरस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. वहिनींनी बोलता बोलता मान वळवून दाराकडे पाहिलं. मी त्यांच्यासमोरच पोत्यावर बसलेलो होतो.