आईची टाच उचलली गेली

ब्लडप्रेशरचा पट्टा सोडतानाचा चर्र आवाज ऐकला की मला धरमपेठेतलं फिजिओथेरपीचं ते क्लिनिक आठवतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईची मांडी इतकी वाळली होती की तिला टाचही उचलता येईना, आणि आता आपलं चालणं संपलं असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. त्या दुपारी फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिच्या मांडीला वर तसाच हवा भरायचा पट्टा आवळला, खाली दोन गार, चिकट पॅड लावले आणि हलका करंट सुरू केला. आई घाबरली. "रक्त काहून अडवून राहिल्या मॅडम? पाय काळा पडन ना माया!" "थोडंच अडवते काकू. त्यानं कमी जोरातही स्नायूला भरपूर मेहनत पडते. मी इथंच आहे." कातडीखाली स्नायू फडफडू लागला. मी श्वास रोखून तिच्या पायाच्या बोटांचा रंग बघत होते. मॅडम म्हणाल्या, "आता टाच उचला." आईनं डोळे मिटले, आणि थरथरत का होईना, टाच चादरीवरून वर आली. पट्टा सैल झाल्यावर आई माझ्याकडे वळली, "चहा पाज वं मले, घसा सुकला." कित्येक दिवसांनी ती आपणहून काहीतरी मागत होती. हल्ली जरीपटक्याच्या बाजारात ती माझ्या पुढे चालते आणि मी मुद्दाम मागे राहून तिची चाल बघते.