तेलाची वाटी

तुम्ही दोघं तिकडे तिबेटी योगाच्या वर्गाला जाता, आणि तो तुमच्या आजोबांनाही येत होता, याचं तुम्हाला नवल वाटलं. आमच्या घरी तो स्वेटरच्या गाठोड्याबरोबर आला. त्यानं मला किती जाळलं, तेही आता सांगते.

आजोबा तेव्हा रसायनीच्या कारखान्यात होते. पिंपं हलवून त्यांची पाठ धरायची. मी शाळेत शिकवून आले, स्वयंपाक उरकला, की तेल कोमट करून त्यांची पाठ चोळायची. पालथं पडल्या पडल्या ते बोलायचे: साहेब काय म्हणाला, कुणाशी वाजलं, कशाची भीती वाटते. समोरासमोर त्यांनी मला असं कधीच काही सांगितलं नाही. तो अर्धा तास माझा होता.

थंडीत शिळफाट्यावर तिबेटी लोक स्वेटर विकायला बसत. त्यांच्यातल्या एका बाईंनी आजोबांना कमरेवर हात ठेवून वाकताना पाहिलं आणि तिथंच गोणपाटावर बसवलं. तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे, पोटावर ठेवायचे, श्वास तिथवर न्यायचा. मग खांदे गोल फिरवायचे, तेही इतके हळू की बघणाऱ्याला वाटावं, माणूस नुसताच बसलाय. "जोर नहीं, धीरे," त्या म्हणत. आजोबा रोज घरी येताना तिथं थांबू लागले. बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. तरीही मला त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या.

महिनाभरात पाठ हलकी झाली. आजोबांची चिडचिडही गेली. संध्याकाळी ते चटईवर डोळे मिटून बसत.

सासूबाई खूश. "बरं झालं गं, मास्तरीणबाई! तुझ्या हातांना आता सुट्टी हाय."

"मी कुठं मागितली होती सुट्टी?" मी म्हटलं.

"आता काय पाठ दुखायची वाट बघतेस व्हय?"

मी भांडी जरा जास्तच आपटली. आजोबांनी डोळे उघडले नाहीत. माझ्या हातांनी इतक्या वर्षांत जमलं नाही, ते त्या बाईंनी हात न लावता केलं होतं. वर आमचं बोलणंही नेलं होतं.

तेलाची वाटी मी घासून फडताळात वर ठेवून दिली.

ती थंडी सरली, स्वेटरवाले गेले. एका संध्याकाळी चटईवरून आवाज आला, "अगं, वाटी दिसत नाही ती?"

"पाठ दुखतेय?" माझ्या आवाजातला आनंद मलाच ऐकू आला.

"नाही. कारखान्यात एक झालंय. सांगायचं होतं."

मी तेल कोमट करून आणलं. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही, "हे मला सांगणंही त्या बाईंनीच शिकवलं का?"

"पहिलं तेल लाव," म्हणत ते पालथे झाले.